मंडळी सोडू का, मावशी?

आदरणीय मावशी,

जय ख्रिस्त. मी कोल्हापूरची. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, लहान आहे, चाळीसेक घरं. निम्मे एकमेकांचे नातेवाईक, उरलेले संडे स्कूलपासूनचे सोबती. गेल्या पावसाळ्यात चर्चचं छप्पर गळायला लागलं. वासे कुजले होते, कौलं सरकली होती. वर्गणी काढली, काम झालं. माझे सासरे खजिनदार आहेत, वय सत्तरीच्या पुढं. सुताराला आणि कौलं चढवणाऱ्यांना त्यांनी रोख पैसे दिले, काहींच्या पावत्या नाहीत. एका रविवारी उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद झाल्यावर दुसऱ्या एका वडिलांनी (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही वडील म्हणतो) सगळ्यांसमोर उभं राहून विचारलं, "पैसे गेले कुठं?" सासरे एक शब्द न बोलता बाहेर पडले. तेव्हापासून आमच्याकडचे डावीकडच्या बाकांवर बसतात, त्यांच्याकडचे उजवीकडं.

ज्यांनी विचारलं त्यांची सून माझी जिवाची मैत्रीण आहे. 2019 च्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा आम्ही सगळे तिच्या घरी राहिलो होतो. आता फाटकात समोरासमोर आलो की ती चपलांकडं बघते आणि मी मोबाईलकडं. तिचा पुरणपोळीचा डबा अजून माझ्या फडताळात आहे. मुलगी विचारते, "आपण त्यांच्या बाजूला का बसत नाही?" काय सांगू?

दोन वेळा मी प्रभुभोजन घेतलं नाही. ताट बाकावर आलं, मी तसंच पुढं दिलं. पाळकसाहेबांकडं आणखी दोन मंडळ्या आहेत. ते म्हणतात, प्रार्थना करा. नवरा म्हणतो, घरी बसून यूट्यूबवर उपासना बघू. ऑफिसातली एक मैत्रीण तिच्या फेलोशिपला बोलावते. हॉलमध्ये भरते, गिटार, ड्रम, सगळे हसून स्वागत करतात. एकदा गेले आणि रडले. बाहेर कळलं तर लोक हसतील, आम्ही मूठभर आणि त्यात भांडतो. मावशी, मंडळी सोडू का? की माझाच विश्वास थंड झालाय?

एक वाचक, कोल्हापूर

*

जय ख्रिस्त, बाळ.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यानंच तुझी झोप उडवलेली दिसते. तुझा विश्वास थंड झालेला नाही. ज्याला काही वाटेनासं होतं तो सवयीनं हात पुढं करतो. तुझा हात थबकला, म्हणजे ताटात काय आहे हे तुला कळतंय.

पण तू ते ताट दोनदा पुढं दिलंस हे मला पटलेलं नाही. (हे सदर मंडळीबाहेरचेही वाचतात, त्यांच्यासाठी सांगते: येशू धरला गेला त्या रात्री त्यानं शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं. त्याची आठवण म्हणून आम्ही सगळे मिळून भाकर आणि द्राक्षारस घेतो, ते प्रभुभोजन.) बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला म्हणतो, माणसानं स्वतःची परीक्षा करावी. लहानपणापासून आपल्याला हे असं ऐकवलं जातं की मन स्वच्छ नसेल तर लांब राहा. तू ते वाक्य शेवटपर्यंत वाच. परीक्षा करावी आणि मग खावं, असं तिथं आहे. आणि करिंथात बिघडलं काय होतं? ज्यांच्याकडं होतं ते आपापलं आधी खाऊन घेत, आणि ज्यांच्याकडं नव्हतं ते उपाशी राहत. पौलाचा संताप आहे तो एकत्र जमूनही एकमेकांकडं न बघण्यावर. तो अध्याय तुमच्या डाव्या-उजव्या बाकांबद्दल आहे. ताटाला हात लावायला तू लायक आहेस की नाही, हा त्याचा विषयच नव्हे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन दान दे. यातलं पहिलं तू केलंस. दान ठेवलंस, पण जाणं अजून बाकी आहे. त्याकडं येतेच.

आधी पैशाचं, आणि हे जरा सविस्तर. लहान मंडळ्यांत शिकवणीवरून भांडणं क्वचित होतात. होतात ती छप्पर, कंपाउंड, खुर्च्या आणि वर्गणी यांवरून, आणि मग ती विश्वासाची भांडणं असल्यासारखी लढली जातात. तुमच्याकडं दोन भांडणं एकमेकांत गुंतलीत, एक हिशोबाचं आणि एक अपमानाचं. हिशोबाला वही, पासबुक आणि पावत्या लागतात. अपमानाला समोर बसून बोलणारा माणूस लागतो. तुमच्याकडं नेमकं उलट चाललंय: हिशोबासाठी प्रार्थना होताहेत आणि दुखावलेल्या म्हाताऱ्याकडून पावत्यांची अपेक्षा केली जातेय.

त्या वडिलांनी विचारलं यात गैर काही नव्हतं. गैर होती ती वेळ आणि तो क्रम. मत्तयाच्या 18व्या अध्यायात पायऱ्या स्पष्ट आहेत: आधी एकट्यानं जाऊन बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घे, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. तुमच्याकडं तिसरी पायरी पहिली झाली. लोक बायबलं पिशवीत घालत उभे असताना, लेकरंबाळं ऐकत असताना, सत्तरीच्या माणसाला असं विचारलं की तो उत्तर देऊच शकत नाही. ते बाहेर पडले यात नवल नाही.

पण सासऱ्यांचंही एक चुकतंय. हिशोब मागणं म्हणजे चोर म्हणणं, असं त्यांनी मनात धरलंय. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमली तेव्हा पौल कसा वागला ते करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात आहे. त्यानं तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक भाऊ दिला, आणि कारणही लिहून टाकलं की या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणी आम्हाला दोष देऊ नये. देवापुढं चोख असणं त्याला पुरेसं वाटलं नाही, माणसांपुढंही चोख दिसायला हवं असं त्यानं म्हटलं. पौलाला जोडीला माणूस लागला, मग कोल्हापूरच्या खजिनदाराला लागला तर त्यात कमीपणा कसला?

हे त्यांना तू सांगू नकोस. "मामा, हिशोब द्या," हे सुनेच्या तोंडून आलं तर घरातही दोन रांगा होतील. नवऱ्याला पुढं कर. संध्याकाळी चहा झाल्यावर त्यानं वडिलांजवळ बसावं आणि वही न मागता काम कसं झालं ते विचारावं. कुठल्या बाजूचे वासे बदलले, जुनी कौलं किती परत वापरली, नवी कुठून आणली, सुतार किती दिवस होता, पाऊस आला तेव्हा काय केलं. उन्हात उभं राहून करवून घेतलेल्या कामाबद्दल बोलायला माणसाला आवडतं, आणि मला वाटतं तुमच्या मंडळीत ते त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. बोलता बोलता नवऱ्यानं कागदावर मांडत जावं: तारीख, कुणाला, कशासाठी, किती. जिथं पावती नाही तिथं सुताराकडं जाऊन साधी पोच लिहून आणावी, अमुक कामाचे एवढे रोख मिळाले, खाली सही. ज्यानं काम केलं तो सहसा नाही म्हणत नाही. दुकानातून बिलाची दुसरी प्रतही मिळते. एवढं करूनही थोडी रक्कम सुटी राहील: टेंपो, दोरखंड, माणसांचा चहा-नाष्टा. ती कुठंतरी बसवू नका. "पावती नाही" अशी ओळ उघड लिहा. अशी एखादी प्रामाणिक ओळ असली की बाकीच्या ओळी वाचणाऱ्याला खऱ्या वाटतात.

मग दोघांनी तो हिशोब तपासावा. एक आमच्याकडचा, एक त्यांच्याकडचा, असं मात्र करू नका. तसं केलं की दोन पक्ष कागदावरच पक्के होतील. कुणाशीच वाकडं नसलेली दोन माणसं घ्या. प्रत्येक मंडळीत बँकेतून निवृत्त झालेलं किंवा शाळेत मुख्याध्यापिका राहिलेलं कुणीतरी असतं, ज्यांच्या शब्दाला दोन्हीकडं मान असतो. तपासलेला हिशोब नोटीस बोर्डावर लावा. तुमच्या चर्चची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून असेल, तर 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं हे विश्वस्तांचं कामच आहे, कुणाच्या संशयाचा त्यात संबंध नाही. पुढच्या कामापासून खात्यावर दोन सह्या आणि 500 रुपयांवरचा प्रत्येक खर्च चेकनं किंवा यूपीआयनं, असं ठरवता येईल. हा ठराव सासऱ्यांनीच मांडला तर फार बरं. त्यांची मान ताठ राहील, आणि ते तितकं मोठं मन दाखवू शकतील असं तुझ्या पत्रावरून मला वाटतं. पैसे खाणारा माणूस असा गप्प घरी जात नाही, तो आवाज चढवतो.

आता तुझी मैत्रीण. पत्र खरं तर तिच्याबद्दलच आहे.

फिलिप्पैकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात दोन बायका येतात, युवदीया आणि सुंतुखे. दोघींचं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते पौलानं लिहिलेलं नाही. बरोबर कोण होती हेही नाही. लिहिलंय ते एवढंच की दोघींनी सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीनं कष्ट केले, त्यांची नावं जीवनाच्या पुस्तकात आहेत, आणि दोघींनी प्रभूमध्ये एकचित्त व्हावं. विनंती दोघींना वेगवेगळी केलीय, आधी तिनं यावं मग हिनं असं कुठं नाही. आणि आपल्या एका सोबत्याला पौल सांगतो की या बायांना मदत कर. इतक्या वर्षांनी आपण त्यांचं भांडण विसरलोय, कारण ते आपल्याला कुणी सांगितलंच नाही. त्यांचे कष्ट तेवढे आपल्याला माहीत आहेत.

आणि तुम्ही दोघींनी तर भांडणही केलेलं नाही. भांडण सासऱ्यांचं आणि अबोला सुनांचा! मोठ्यांची वैरं सुनांनी वाहायची ही आपल्याकडची जुनी रीत, आणि ख्रिस्ताच्या मंडळीत तिला जागा असू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. तुझ्या मुलीला वाटतंय तेच मला वाटतंय: तुम्ही त्यांच्या बाजूला का बसत नाही?

तो डबा परत कर. रिकामा द्यायचा नाही हे तुला सांगायला नको. पण रविवारी चर्चच्या आवारात देऊ नकोस. तिथं सगळ्या घरांचे डोळे असतात, तिलाही सासऱ्यांकडं बघून चेहरा ठेवावा लागेल. मधल्या वारी दुपारी तिच्या घरी जा. काय बोलायचं याची तयारी करू नकोस, "डबा राहिला होता" एवढं दारात पुरे. आत गेलीस तर हिशोबाचा विषय काढू नकोस, सासऱ्यांची बाजू मांडू नकोस. तिनं काढला तर म्हण, "ते त्यांचं ते बघतील, मी तुझ्याकडं आले." आणि पुराचं बोल. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत चढलं, तेव्हा तिनं तुम्हाला घरात घेतलं. त्या दिवसांत तुम्ही दोघी एका ओट्यावर स्वयंपाक करत असाल, ओले कपडे गॅलरीत वाळत घालत असाल, मुलांना एका अंथरुणावर झोपवत असाल. त्याचे आभार तेव्हा मानले असशीलच. आता पुन्हा मान. आभाराला कुणी बाजू विचारत नाही.

तिनं आत ये म्हटलं नाही, तर डबा देऊन परत ये आणि वाईट वाटून घेऊ नकोस. तिच्या घरातही कुणीतरी तिला काहीतरी म्हणत असेल. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा जा. तरी दार बंदच राहिलं तर महिला मंडळातल्या एखाद्या जुन्या बाईंना बरोबर घे, दोघींना संडे स्कूलपासून ओळखणाऱ्या. पौलानं त्या सोबत्याला जे काम सांगितलं, ते करायला अशा बायका प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना कुणी विचारत नाही म्हणून त्या गप्प असतात.

मुलीला खोटं सांगू नकोस. "मोठ्यांचं बिनसलंय, आम्ही ते नीट करतोय," एवढं तिला समजतं. संडे स्कूलच्या नाताळच्या नाटकात तिची आणि मैत्रिणीच्या मुलांची जोडी जमली तर तुम्ही दोन्हीकडचे मध्ये येऊ नका.

मंडळी सोडू का, असं विचारलंस. आत्ता सोडू नकोस. त्या फेलोशिपबद्दल मी वाईट बोलणार नाही. तिथले लोक प्रभूवर प्रेम करणारेच असतील, आणि गिटारवर गायलेलं भजन देवाला पेटी-तबल्याइतकंच पोचतं. पण तू तिथं रडलीस ती रडायला मोकळी जागा मिळाली म्हणून. तिथं तुला कुणी ओळखत नाही, तुझे सासरे कोण हे कुणाला माहीत नाही, म्हणून हलकं वाटलं. दोन वर्षं राहिलीस की तिथंही कुणाचे तरी सासरे खजिनदार असतील, आणि तेव्हा तुझ्याकडं पुरात दार उघडणारी मैत्रीण नसेल.

मंडळी सोडावी अशी कारणं असतात, आणि ती मी लपवत नाही. पैशाबद्दल विचारायलाच बंदी असेल, बायका-मुलांशी कुणी वाईट वागत असेल आणि बाकीचे पांघरूण घालत असतील, देवाचं नाव घेऊन कुणी धमकावत असेल, तर तिथून निघावं आणि गरज पडली तर पोलिसांतही जावं. तुझ्या पत्रात यातलं काही नाही. आहे तो एका रविवारचा अपमान आणि त्यानंतरचा सगळ्यांचा अबोला.

कोल्हापुरातल्या प्रोटेस्टंट कामाची सुरुवातही काही गोडीगुलाबीनं झालेली नाही. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली इथं आले. पुढं त्यांचं आणि त्यांना पाठवणाऱ्या मिशन बोर्डाचं शाळा आणि कामाची पद्धत यावरून जोरदार वाजलं, बोर्डानं पाठबळ काढून घेतलं. तरी ते कोल्हापूरला परत आले, आणि 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशन बोर्डानं हे काम हाती घेईपर्यंत कुठल्याही बोर्डाशिवाय राबत राहिले. त्याच काळात, 1863 मध्ये, इथं जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशन चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाला. वाइल्डर बरोबर होते की बोर्ड, हा वाद ज्याला घालायचा त्यानं घालावा. मला त्यातलं एक घ्यावंसं वाटतं: वाद ज्यांच्याशी होता त्यांच्याशीच त्यांनी घातला, कोल्हापूरच्या माणसांना त्याची शिक्षा दिली नाही. तूही चाळीस घरांना सोडण्याआधी तुझा राग नक्की कितीजणांवर आहे ते मोजून बघ. माझा अंदाज, एका हाताची बोटं पुरतील.

नवऱ्याच्या यूट्यूबबद्दल थोडंच सांगते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्यानं अनेकांना सावरलं, आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांना आजही तो मोठा आधार आहे. तुम्ही धडधाकट आहात. इब्री लोकांस पत्राच्या 10व्या अध्यायात एकत्र येणं सोडू नका म्हटलंय, आणि त्याच वाक्यात एकमेकांना धीर द्या असंही म्हटलंय. मोबाईलसमोर बसून कुणाला धीर देणार? तुम्ही एक रविवार आला नाहीत हे तिथं कुणाला कळणारही नाही.

लोक हसतील ही भीती तर टाकूनच दे. कोल्हापूर आहे हे. इथं तालमींत आणि मंडळांत वर्गणीवरून काय काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि पुन्हा सगळे एकत्र मिरवणुकीत नाचतातही. नाताळात तुझे शेजारी तुझ्या करंज्यांची वाट बघतात, तुमच्या पासबुकाची नाही.

पाळकसाहेबांवरही रागावू नकोस. तीन मंडळ्यांची धावपळ, आणि ज्या वडिलांच्या हातात मंडळीचा कारभार तेच एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना पहिलं पाऊल टाकणं जड जात असणार. त्यांच्याकडं सल्ला मागण्याऐवजी एक ठरावीक काम माग: "अमुक दिवशी हिशोब तपासायला बसतोय, सुरुवातीची प्रार्थना करायला या." असं बोलावणं कुठलाही पाळक टाळणार नाही. आणि ते त्या खोलीत बसले की दोन्हीकडचे वडील आवाज जपून वापरतील.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ताट आलं की घे. मैत्रिणीनं दार उघडलं असो वा नसो, तू जाऊन आली असशील तर तुझ्याकडून होण्यासारखं झालंय. रोमकरांस 12व्या अध्यायात पौलही तेवढंच मागतो: साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीनं राहा.

हिशोबाचा तक्ता कसा आखायचा यात अडलं तर लिही, साधा नमुना पाठवते. आणि नवऱ्याला म्हणावं, सुताराकडं याच आठवड्यात जा. दुसरीकडं मोठं काम लागलं की तो महिनाभर हाताला लागणार नाही.

तुझी,
मावशी